आयब्रोनंतरची फुंकर

३ नोव्हेंबर, सोमवार

विनीतच्या कंपनीत दर वर्षी डायऱ्या वाटतात. वागळे इस्टेटमधल्या त्या कंपनीत तो तेवीस वर्षं स्टोअर सांभाळतोय, म्हणजे घरात तेवीस डायऱ्या आल्या आणि बावीस कोऱ्याच रद्दीत गेल्या. ही तेविसावी. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, इथे विनीत लिहिणार, कारण ही त्याने वाचायची नाही.

लिहायला वेळ आहे हेच तर दुखणं आहे. दुपारचे चार वाजलेत आणि पार्लरमध्ये मी एकटीच खुर्चीत बसलेय. दिवाळीनंतर पार्लर थंड पडतं हे एकोणीस वर्षं बघत आलेय, पण यंदा दिवाळीच थंड गेली. कोपर स्टेशनजवळ ते एसीवालं सलोन उघडलं ना, तेव्हापासून हे असं. तिथे काय आहे? काचेचं दार, मंद गाणी आणि हातात कॉफी. माझ्याकडे तळमजल्यावरची घरातलीच पुढची खोली, दोन खुर्च्या आणि एक आरसा. पण हात माझा आहे. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा फास दोन्ही हातांच्या बोटांत, आणि दीड मिनिटात भुवई कमानीसारखी. शेवटी एक फुंकर. केस उडतात आणि आगही थांबते. शीलाताईंची फुंकर म्हणून बायका नाव काढतात.

सान्वीचं लग्न आठ फेब्रुवारीला आहे. तिसऱ्या मजल्यावरची सान्वी. दहावीच्या निरोप समारंभाला तिच्या आयब्रो पहिल्यांदा मीच केलेल्या. रडली होती, मग मी फुंकर घालत बसले, तेव्हा म्हणालेली, "मावशी, माझ्या लग्नात नवरी मला तूच करायची." ते एक काम हातात आहे तोवर मला कुठल्याही काचेच्या दाराची भीती नाही.

प्राची दिवाळीला पुण्याहून चार दिवस आलेली. जाताना माझ्या हातात एक खोका ठेवला. बॅटरीवर चालणारा टूथब्रश. बाकीच्यांच्या मुली आईला साडी घेतात. मी म्हटलं, "माझे दात म्हणजे काय फरशी आहे?" ती हसली नाही. "वापर गं आई, प्लीज," एवढंच म्हणाली. खोका कपाटात टाकलाय.

९ नोव्हेंबर, रविवार

दोनच गिऱ्हाइकं. त्यातल्या दीप्ती मॅडम हल्ली आयब्रो करतानासुद्धा मास्क काढत नाहीत. धुळीची ॲलर्जी आहे म्हणे. माझ्या पार्लरमध्ये कुठली आली धूळ? रोज दोनदा पुसते मी.

विनीतला नवीन छंद लागलाय. पार्लरच्या टेबलावर रोज सकाळी तांब्याभर पाणी भरून ठेवतो आणि संध्याकाळी तांब्या उचलून किती उरलं ते बघतो. "पाणी पीत जा गं," हे दिवसातून चारदा. दातात दोरा धरून कोण पाणी पिणार? शिवाय मध्येच उठावं लागतं. गेल्या महिन्यात तांब्याची जीभ घासणी आणली, त्याआधी तीन प्रकारच्या टूथपेस्ट. माणसाला पन्नाशीत काय काय सुचेल सांगता येत नाही.

कोविडमध्ये त्याचा वास गेला तो गेलाच. चहा म्हणजे त्याच्यासाठी गरम पाणी. आज बाजारातून आला आणि दारात चप्पल काढता काढता म्हणाला, "कुळथाची पिठी वाटतं आज." मी म्हटलं, कसं कळलं? जरा गडबडला. म्हणाला, "रविवारी तू तीच करतेस." रविवारी मी मासे करते. पण बिचाऱ्याला नाकाविना आठवणीवर जेवावं लागतं, म्हणून मी विषय वाढवला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सान्वी आलेली. आत आलीच नाही, दारात उभी राहून पायपुसण्याकडे बघत बोलली. "मावशी, ते सासरच्यांनी मेकअप आर्टिस्ट बुक केलीये. हॉलच्या पॅकेजमध्येच आहे सगळं. मी म्हटलेलं त्यांना, पण..."

मी म्हटलं, "अगं असू दे, हल्ली असंच असतं." हसूनच म्हटलं. तिच्या गालाला हात लावायला पुढे झाले तर ती पायरीवरून मागे सरकली. घाईत होती म्हणे.

स्वयंपाकघरात जाऊन रडले. विनीत आला, काय झालं विचारलं, सांगितलं. मग म्हणाला, "माझंच चुकलं." याचं काय चुकलं यात? माझं दुःख झालं की हा स्वतःकडे घेतो, ही त्याची जुनी सवय आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

पार्लरची दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या तडतडल्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार

एक नवीन बाई आयब्रोला आल्या. अर्ध्यावर असताना म्हणाल्या, "ताई, इथे कसलातरी वास येतोय का हो?" मला शरमेने मेल्यासारखं झालं. नक्की बेसिनचा पाइप. लगेच प्लंबरला बोलावलं. त्याने सगळं खोललं आणि म्हणाला, "मॅडम, पाइप एकदम क्लीन है." मी त्याच्याकडून तरीही नवा बसवून घेतला. खोलीत मोगऱ्याचा स्प्रे मारला.

विनीत हे सगळं दारात उभा राहून बघत होता. मी म्हटलं, तुम्हाला काय, तुमचं नाक बंद. तो म्हणाला, "शीला, एकदा दातांच्या डॉक्टरकडे जाऊ या का? तुझी उजवी दाढ दुखते ना." पाइपचं चाललंय आणि याला दाढ सुचतेय. दाढ दुखते ती मी लवंग धरून सांभाळतेय. हिरडीतून रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रश लावत नाही, तेव्हापासून रक्तही कमी आहे. दातवाल्याकडे गेलं की तो दात काढतो, हे मी आईच्या बाबतीत बघितलंय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. उपास होता, सकाळपासून पाणीसुद्धा नावाला. संध्याकाळी पूजेआधी आवडाबाई आल्या. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. आता मागच्या तीन बिल्डिंगा त्यांच्या मुलांच्या, पण आजी अजून मासळी स्वतः घासाघीस करून घेतात. पंच्याहत्तरी झाली तरी महिन्यातून एकदा हनुवटीचे केस काढायला माझ्याकडेच येतात.

मी दोरा दातात धरून त्यांच्यावर वाकले आणि त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "थांब शीले. आयक. मी म्हातारी हाय, मना लाज नाय. तुजे तोंडाचा वास येतंय गो. लय दिस झाले. कोन बोलत नाय तुला, म्हनून मी बोलतंय."

दोरा माझ्या दातातच होता. मी तो काढून नीट गुंडाळला. मग त्यांची हनुवटी कशी केली मला आठवत नाही. जाताना डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "रागावू नको गो. आपल्या मानसाला सांगतान."

पूजा केली. आरती मनातल्या मनात म्हटली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मोबाइलवर वाचलं की मनगट चाटायचं, वाळू द्यायचं आणि हुंगायचं. हुंगलं. नंतर साबणाने तीनदा धुतलं.

आता सगळं आठवतंय. दीप्ती मॅडमचा मास्क. पाइपवाल्या बाई. प्राचीचा खोका. आयब्रो करताना बायका श्वास धरतात, मला वाटायचं दुखतं म्हणून. आणि सान्वी पायरीवरून मागे सरकली ती. मी त्यांच्यावर फुंकर घालत होते. प्रत्येकीच्या डोळ्यांवर, नाकावर, वर हसून विचारत होते, बरं वाटलं? हे लिहितानासुद्धा कान तापलेत.

विनीतला सांगितलं. तोंडावर पदर धरून सांगितलं. त्याने पदर बाजूला केला. म्हणाला, "माझ्यासमोर कशाला? मला कुठे वास येतो?" रात्री मी भिंतीकडे तोंड करून झोपले तेव्हाही तेच म्हणाला. मग वळले त्याच्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की याचं नाक गेलं ते बरंच झालं.

१ डिसेंबर, सोमवार

पार्लर तीन दिवस बंद. दारावर 'तब्येत बरी नाही' अशी पाटी. वेलची, लवंग, बडीशेप, तुळशीची पानं, आणि मेडिकलमधलं हिरवं औषध जे तोंडात धरलं की डोळ्यांतून पाणी येतं. दिवसातून सहा वेळा गुळण्या करते. तोंड वाळवंटासारखं कोरडं पडतंय, पण म्हटलं औषध लागू पडत असेल. प्राचीचा ब्रश काढला. उजवीकडे लावला तर बेसिन लाल झालं, म्हणून डावीकडेच फिरवला.

६ डिसेंबर, शनिवार

किती दिवस बंद ठेवणार? मास्क लावून पार्लर उघडलं. मास्कमध्ये दोरा दातात धरता येत नाही, म्हणून नवीन मुली करतात तसा मानेत अडकवला. एकोणीस वर्षांचा हात दातांच्या ओढीवर बसलेला आहे, मानेने त्याला काही कळेना. दीप्ती मॅडमच्या डाव्या भुवईत मधोमध तांदळाएवढी फट पडली.

त्या आरशात बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पेन्सिलने भरता येईल," म्हणाल्या. त्याही मास्कमध्ये, मीही मास्कमध्ये. मी माफी मागितली, पण ती भुवईची की कशाची हे मलाच कळलं नाही. या कामाव्यतिरिक्त मला काही येत नाही. हे गेलं तर मी कोण, असं दुपारभर डोक्यात चाललेलं.

९ डिसेंबर, मंगळवार

ठाण्याला गेले. डोंबिवलीत दातवाले पैशाला पासरी आहेत, पण कोपरची एखादी बाई तिथे भेटली असती तर? म्हणून खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत. विनीत अर्धा दिवस सुट्टी टाकून आलेला. बाहेर बाकावर बसून राहिला.

डॉक्टर सुमेधा म्हणजे प्राचीपेक्षा पाचेक वर्षांनी मोठी असेल. मी आधीच सॉरी म्हणून टाकलं. म्हटलं, मास्क काढू नका, माझ्या तोंडाला घाण वास येतो. तिने चक्क मास्क खाली केला, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काकू, आ करा आणि श्वास सोडा. वास घेतल्याशिवाय मला कळणार कसं?" सगळे लांब सरकत असताना एक पोरगी मुद्दाम जवळ येते, हे मला सहन झालं नाही. खुर्चीतच रडले. तिने टिश्यू दिला आणि थांबली.

मग एकेक विचारलं. उजवीकडे ब्रश करता का? नाही, रक्त येतं. कधीपासून? दोन-अडीच वर्षं. पाणी किती पिता? जीभ साफ करता? ते हिरवं औषध कोणी दिलं? माझी उत्तरं मलाच ऐकवेनात.

म्हणाली, "हिरडी सुजली म्हणून रक्त येतं. रक्त येतं म्हणून तुम्ही घासत नाही. घासत नाही म्हणून दातांवर कीटण साचतं आणि आणखी सुजते. जिथे रक्त येतंय तिथेच हलक्या हाताने घासायचं होतं." वास बहुतेकांचा तोंडातूनच येतो, पोटातून नाही. हिरड्यांच्या आतल्या फटी आणि जिभेच्या मागचा पांढरा थर, ही त्याची घरं. लाळ तोंड धूत असते, मी पाणी न पिता तीही आटवली आणि त्या जळजळीत औषधाने होती तेवढी सुकवली. लवंग-वेलचीने वास झाकतो, जात नाही. आणि स्वतःला का कळत नाही, तर आपल्या नाकाला आपली सवय होते. मी वेंधळी म्हणून नव्हे.

साखर तपासायला सांगितली. एकही दात काढायचा नाही म्हणाली. चार वेळा यायचं, भूल देऊन हिरड्यांच्या आतून सफाई करायची. बाहेर आले तर विनीत विचारतो, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, पाणी पी म्हणाल्या. तो हसला नाही, रुमालाने डोळे पुसले. प्रवासाची धूळ असेल.

१६ डिसेंबर, मंगळवार

उजवी वरची बाजू झाली. संध्याकाळपर्यंत अर्धं तोंड परक्याचं होतं. साखर ठीक आली.

डॉक्टरने आज एक दोरा काढला. दातांच्या फटीत घालायचा, फ्लॉस म्हणतात त्याला. ती दाखवायच्या आधीच मी दोन बोटांना गुंडाळून ताणला, दातांच्या मध्ये सरकवला, हिरडीशी वळवला आणि काढला. ती बघतच राहिली. "आधी वापरताय?" मी म्हटलं, "रोज वापरते. पण दुसऱ्यांच्या भुवयांवर." ती खूप हसली. तिच्याकडचे पेशंट दोन-दोन महिने शिकतात म्हणे. मला बरं वाटलं. खूप दिवसांनी माझ्या हाताचं कोणीतरी कौतुक केलं.

तिने एक अडचण मात्र करून ठेवलीय. म्हणाली, स्वतःला कळत नाही तेव्हा घरातल्या विश्वासाच्या माणसाला आठवड्यातून एकदा वास घ्यायला सांगा. मी म्हटलं, घरात एकच माणूस आणि त्याला नाक नाही.

२१ डिसेंबर, रविवार

आवडाबाईंच्या घरी गेले आणि सरळ म्हटलं, "आजी, दर रविवारी माझ्या तोंडाचा वास घ्या." त्यांना काहीच विचित्र वाटलं नाही. ओटीवर बसवलं, नाक पुढे केलं, डोळे मिटले. माणूस मोठ्या बाजारात मासळी पारखतो तसं.

"पयला सुका बोंबील व्हता," म्हणाल्या, "आता ओला झालाय. सुधारतंय."

४ जानेवारी, रविवार

नवीन डायरी. चारही बाजू झाल्या. रोजचा क्रम असा: दोनदा ब्रश, उजवीकडेसुद्धा. रात्री दोरा. जिभेवरून ती तांब्याची घासणी, जिला मी महिनाभर हसत होते. तांब्या दुपारपर्यंत रिकामा. पहिले आठ दिवस रक्त आलं, मग कमी होत होत थांबलं. उजव्या बाजूने चणे खाल्ले काल. दोन वर्षांनी.

आवडाबाई: "आज मासली नाय. आज नुसती खारवलेली टोपली." मला घरी परत येईपर्यंत हसू येत होतं.

गिऱ्हाइकं मात्र परत आलेली नाहीत. त्यांना कोण सांगणार? पाटी थोडीच लावता येते? दोरा पुन्हा दातात धरते, पण फुंकर बंद केलीय. छोटा मऊ ब्रश ठेवलाय, त्याने केस झाडते. बायका काही म्हणत नाहीत.

१८ जानेवारी, रविवार

आज सकाळचं जसं झालं तसं लिहिते.

दूध मंद गॅसवर ठेवून मी पार्लरमध्ये खुर्च्या पुसत होते. विनीत बाथरूममध्ये, दार बंद, नळ चालू. आतून हाक आली, "शीला, दूध लागतंय." धावले. उतू गेलेलं नव्हतं, वर आलेलंही नव्हतं. फक्त तळाला धरायला लागलेलं. मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले.

उतू गेल्याचा आवाज होतो. तळाला लागल्याचा होत नाही.

तो टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला आणि माझ्याकडे बघून त्याला कळलं. मी म्हटलं, "अहो, वास कधी आला परत?"

तो पार्लरमधल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसला. आरशात माझ्याकडे बघून बोलला, समोर बघून नाही. "दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत. पहिला धुपाचा आला."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगणार होतो. पण तेव्हाच तुझं हिरड्यांचं सुरू झालेलं. मला वास येतो म्हटलं असतं, तर पुढचं पण सांगावं लागलं असतं."

"मग सांगायचं."

"तू तोंडावर हात धरून बोलली असतीस माझ्याशी. भिंतीकडे तोंड करून झोपली असतीस. मला ते नको होतं गं. घासणी आणली, पाणी ठेवलं, प्राचीला ब्रश आणायला सांगितलं. तोंडातून शब्द फुटला नाही."

म्हणजे दोन वर्षं हा माणूस रोज माझ्याकडे तोंड करून झोपला. मी चिडले, मग रडले, मग पुन्हा चिडले. म्हटलं, "तुमच्या चांगुलपणात माझी सान्वी गेली. एकोणीस वर्षांचं नाव गेलं. तुम्ही एकदा बोलला असतात तर मी आठ दिवस रडले असते आणि नवव्या दिवशी खोपटला गेले असते. परकी म्हातारी बोलली आणि नवरा गप्प."

तो म्हणाला, "हो." पाइप बदलताना तो दारात उभा होता, सान्वी गेली तेव्हा माझंच चुकलं म्हणाला होता, ते सगळं मला आता कळतंय.

२० जानेवारी, मंगळवार

राग गेलेला नाही. दोन दिवस कामापुरतं बोलतेय. पण एक गोष्ट खरी आहे. नोव्हेंबरात मला जगात कोणाकडे तोंड करता येत नव्हतं तेव्हा ह्याच्याकडे करता येत होतं, ते त्याच्या खोट्यामुळे. हे मला त्याला सांगायचं नाहीये. निदान या आठवड्यात नाही.

मात्र गप्प राहण्याने काय होतं ते बघितलंय. सान्वीशी मी स्वतः बोलणार. तिचं केळवण अजून माझ्याकडे राहिलंय, मी टाळतच होते. रविवारी बोलावलंय.

२५ जानेवारी, रविवार

ताटाभोवती रांगोळी काढली. पुरणपोळी, अळूवडी, तिला आवडते ती काजूची उसळ. विनीत सकाळीच काजू सोलायला बसलेला, न सांगता. सान्वी एकटीच आली, आईला बरं नव्हतं. ओवाळताना बघितलं, तिने श्वास धरलेला. मग हळूच सोडला. मग घेतला. तिचा चेहरा बदलला ते मी बघितलं.

जेवण झाल्यावर पार्लरमध्ये नेऊन समोर बसवलं. म्हटलं, "सान्वी, मला कळलंय का ते. माझ्या तोंडाला वास येत होता. मला खरंच माहीत नव्हतं. मी तुझ्या तोंडावर अकरा वर्षं फुंकर घालत आले, त्यातली शेवटची दोन वर्षं तुला कसं झालं असेल. औषधपाणी केलंय. तू काम परत दे म्हणून बोलवलं नाहीये. तुला सासरच्यांचं नाव सांगून खोटं बोलावं लागलं, ते ओझं घेऊन लग्नाला उभी राहू नकोस, एवढ्यासाठी बोलावलं."

पोरगी ढसाढसा रडायला लागली. "मावशी, मी चारदा आलेले सांगायला. दारातून परत गेले. तुला कसं सांगायचं? तू मला पोरीसारखी वागवतेस." मग नाक पुसत म्हणाली, "मेकअपचं आता कॅन्सल नाही होणार गं. ती येणार, ठरलंय सगळं."

मी म्हटलं, अगं माहितीये. खरंच माहीत होतं. अकरा वर्षांपासून मी तिला मुंडावळ्या बांधलेली डोळ्यांसमोर बघत होते, नाकात नथ घालतानाचा माझा हात बघत होते. ते आता दुसरीचं झालं.

उठताना म्हणाली, "ती आयब्रो नाही करत पण. ते आधी करून या म्हणालीये. लग्नाच्या आधीच्या गुरुवारी येऊ?"

२९ जानेवारी, गुरुवार

विनीतला म्हटलं, आजपासून आवडाबाईंची ड्यूटी तुमची. रविवारी सकाळी, चहाच्या आधी, आणि खरं सांगायचं. तो म्हणाला, "लाज वाटते गं." मी म्हटलं, मला पण. मग दोघांनीही उरकून घेतलं, आजच. म्हणाला, "पेस्टचा येतोय." मी म्हटलं, बोलायला जमतं की तुम्हाला. तेव्हा कुठे तो अकरा दिवसांनी हसला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सान्वी पाच वाजता आली. आत आली, मधल्या काळात सांगायची तसं पंखा लावायला सांगितलं नाही, खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. हातावरची मेंदी अजून ओली, म्हणून भुवईची कातडी तिला ताणता येईना. विनीत घरी नव्हता, शेवटी आवडाबाईंनाच बोलावलं. त्यांनी दोन बोटांनी कपाळ ताणून धरलं आणि वर सूचना. "बारीक नको करू गो. नवरी हाय, नाटकवाली नाय."

मी दोऱ्याचं टोक दातात धरलं. उजव्या बाजूच्या. दीड मिनिटाचं काम, मी दहा मिनिटं केलं. तिच्या चेहऱ्यापासून माझं तोंड वीतभर. तिचा श्वास मला ऐकू येत होता, सरळ चाललेला, कुठे अडला नाही.

पहिली भुवई झाली. कडेचा भाग लाल झालेला. मी टेबलावरचा मऊ ब्रश उचलला आणि केस झाडले.

सान्वीने डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "मावशी, हे काय? फुंकर राहिली."

मी आवडाबाईंकडे बघितलं. त्या दुसरीकडेच बघत होत्या, हात मात्र तिच्या कपाळावर तसाच.

मी वाकले आणि फुंकर घातली. अगदी हलकी, दहावीतल्या पोरीला घालतात तशी. सान्वीच्या नाकपुड्या हलल्या, आणि ती हसली. "आता दुसरी पण नीट कर," म्हणाली.

मग मी दोरा पुन्हा दातात धरला.